आरएसआय २७ ला, शेअर तरी पडतोच. ॲव्हरेज करू की निघू?

रबाळे_जनरल_शिफ्ट

नमस्कार मंडळी. इथे नुसता वाचत असतो, आज विचारायचंच म्हणून लॉगिन केलं. एक स्पेशालिटी केमिकलचा शेअर आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण नाव दिलं की पुढचे सगळे रिप्लाय प्रमोटरच्या खानदानावर जातात. माझ्याकडे ३०० आहेत, १,१४०, ८९० आणि ७०० ला शंभर-शंभर घेतलेत, म्हणजे ॲव्हरेज ९१०. काल बंद झाला ५२४ ला. टॉप होता १,३१०.

आठवड्याच्या चार्टवर मोठे तळ बघितले तर ९०५, मग ७४०, मग ५६०, आता ५२४ आणि अजून थांबलाय असं वाटत नाही. मधे उसळ्या आल्या, १,०२० पर्यंत, नंतर ८६० पर्यंत, नंतर ६९०. २०० डीएमए (२०० दिवसांच्या भावाची सरासरी) ७०५ ला आहे, ५० डीएमए ५८८ ला. डेली आरएसआय (भावाचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा आकडा, ३० च्या खाली ओव्हरसोल्ड म्हणतात) २७. ५६० चा तळ झाला तेव्हा आरएसआय २१ होता आणि आता भाव त्याच्याही खाली असून आरएसआय २७, म्हणजे ज्याला बुलिश डायव्हर्जन्स म्हणतात तेच ना हे? ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे म्हणतायत ओव्हरसोल्ड आहे, इथून खाली जाऊन जाऊन जाणार कुठे, अजून १०० उचल.

अजून एक म्हणजे नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात यांचं एक युनिट आहे, माझ्या बसच्या रस्त्यावरच. गेटसमोर टँकरची रांग होती तशीच आहे, उलट कधीकधी वाढलेलीच वाटते. धंदा बंद पडलेला नाही मग शेअर कशाला पडतोय. बोनसचे पन्नासेक हजार आलेत, ते टाकू का? चार्ट वाचता येणाऱ्यांनी प्लीज सांगा.

कोपरी_ब्रिज

चार्ट बिर्ट सोडा हो. ईपीएस (शेअरमागचा नफा) किती होता आणि आता किती आहे ते टाका, बाकी सगळ्या रेघोट्या.

रबाळे_जनरल_शिफ्ट

टॉपला असताना वर्षाचा ईपीएस २९ च्या आसपास होता, आता शेवटच्या चार तिमाही मिळून ११.

कोपरी_ब्रिज

मग झालं की. १,३१० ला पीई (भाव भागिले ईपीएस) ४५ होता आणि ५२४ ला पीई ४७-४८ आहे. भाव ६० टक्के पडला आणि शेअर एक पैशाने स्वस्त झालेला नाही. आता यात तुमचा आरएसआय काय करणार?

नौपाडा_जुना_टर्मिनल

कोपरी, मुद्दा बिनतोड आहे पण एक सांगतो, हा ११ चा ईपीएस तुम्हाला आज दिसतोय. भाव १,०२० ला अडला तेव्हा तो २९ च दिसत होता, ॲपवर पीईही स्वस्त दाखवत होता आणि तरी कोणीतरी शांतपणे विकत होतं. ज्यांना ऑर्डर बुक आधी कळतं ते प्रेस नोट काढत नाहीत, माल विकतात, आणि त्याचा माग पहिल्यांदा भावावर उमटतो. म्हणून चार्ट बघायचा. भविष्य कळतं म्हणून कोणी बघत असेल तर त्याने बघू नये.

आता रबाळे, तुमच्याकडे वळतो, जरा लांबण लागेल.

आधी तुमचा आरएसआय. वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये काढलेली गोष्ट आहे ही, १४ दिवसांतल्या वाढीची सरासरी भागिले घटीची सरासरी, आणि ते उत्तर ० ते १०० मध्ये बसवलेलं. त्याला तुमच्या कंपनीचा ईपीएस माहीत नाही, १,३१० चा टॉपही माहीत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की गेल्या काही दिवसांत पडण्याचा जोर किती होता. त्यामुळे शेअर ५२४ ला तीन आठवडे नुसता पडून राहिला, पाच रुपये वर पाच रुपये खाली, तरी आरएसआय आपोआप ४० च्या पुढे सरकेल आणि ग्रुपवर कोणीतरी लिहील की इंडिकेटर सुधारतोय. सुधारलं काहीच नसतं, जोर ओसरलेला असतो इतकंच. ओव्हरसोल्ड या शब्दाने लोकांना वाटतं स्वस्त झाला. सलग पडणाऱ्या शेअरमध्ये आरएसआय महिनोन्महिने ३० च्या आसपास लोळत राहू शकतो.

डायव्हर्जन्सचं तुम्ही बरोबर ओळखलंत, ते आहेच. पण एक काम करा, ९०५ आणि ७४० च्या तळांना आरएसआय किती होता ते बघून इथे लिहा, आणि मधल्या तिन्ही उसळ्यांत तो कुठपर्यंत चढला तेही. त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. जमलं तर रिझल्टच्या दिवसाचा व्हॉल्यूम आणि डिलिव्हरीची टक्केवारी पण टाका, एनएसईच्या साइटवर फुकट मिळते.

आणि टँकर मोजून शेअर घेऊ नये हो. टँकरवर किलोचा भाव लिहिलेला नसतो. २०२१ ला केमिकलला जो भाव मिळत होता तो चीनचा माल परत बाजारात ओतला गेल्यावर राहिला नाही, तितकाच माल जातो पण मार्जिन खलास. रांग तशीच, नफा एक तृतीयांश. हे तुमच्याच ईपीएसमध्ये दिसतंय.

मल्टीबॅगर_किंग

सर ५२४ ला डोळे मिटून घ्या टार्गेट १,२०० शुअरशॉट!! माझ्या चॅनेलवर रोज फ्री कॉल, पर्सनल मेसेज करा

खारघर_टेकडी

वरच्या महाशयांना रिपोर्ट केलंय. सेबी रजिस्ट्रेशन नंबर विचारा, परत दिसणार नाहीत.

रबाळे_जनरल_शिफ्ट

काका, काल रात्री बसून काढलं सगळं.

९०५ च्या तळाला आरएसआय २४, ७४० ला २८. म्हणजे तेव्हाही डायव्हर्जन्स होतं!! हे मी कधी बघितलंच नव्हतं. उसळ्यांत १,०२० ला ५८, ८६० ला ५९, ६९० ला ५७.

रिझल्टच्या दिवशी ६१२ वरून ५४५, व्हॉल्यूम ३१ लाख, एरवी दोन-अडीच लाख असतो. डिलिव्हरी ६४ टक्के. त्यानंतर लाल दिवशी चार-पाच लाख व्हॉल्यूम, हिरव्या दिवशी दीड लाख पण नाही.

शेअरहोल्डिंगपण बघितलं, म्युच्युअल फंड वर्षभरात ११.८ वरून ७.४ टक्क्यांवर आलेत. आणि छोटे शेअरहोल्डर ६२ हजार होते ते १ लाख ९ हजार झालेत. यावर मला जरा हसूच आलं, त्यात एक मीच आहे.

एपीएमसी_कांदाबटाटा

मी शेअरमधला शहाणा नाही, वाशी मार्केटला गाळा आहे, पण हे व्हॉल्यूमचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे भाव पडायला लागला की नवीन पोरगं भाव बघत बसतं आणि जुना माणूस गेटवर किती गाड्या लागल्यात ते बघतो. भाव पडलाय आणि गाड्या कमी व्हायला लागल्या तर समजायचं आता ज्याला विकायचं होतं त्याने विकलं. भाव पडलाय आणि गाड्या अजून वाढतायत तर त्या दिवशी माल उचलणारा दुसऱ्या दिवशी रडतो. तुमच्या शेअरमध्ये लाल दिवशी दुप्पट माल येतोय म्हणजे गाड्या अजून लागतायतच की राव.

नौपाडा_जुना_टर्मिनल

गाळेवाल्यांनी माझं अर्धं काम केलं.

रबाळे, तुमच्या आकड्यांतच सगळं आहे. ७४० ला डायव्हर्जन्स होतं, तिथून ८६० पर्यंत उसळी आली म्हणजे १६ टक्के, आणि मग शेअर सरळ ५६० ला गेला. गंमत म्हणजे ५६० च्या तळाला डायव्हर्जन्स नव्हतं, आरएसआय आधीपेक्षा खाली होता, आणि तिथून उसळी आली २३ टक्क्यांची, आधीपेक्षा मोठी. म्हणजे या शेअरमध्ये डायव्हर्जन्सने तळ सांगितलेला नाही, फार तर चार आठवड्यांची उसळी सांगितली आणि तीही नेहमी नाही. आता परत उसळी येऊ शकते, ६०० काय ६२० पण दिसेल, मी नाही म्हणत नाही. पण तुमचा प्रश्न चार आठवड्यांचा आहे का? तुम्हाला ९१० हवेत.

मला तुमच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचे आकडे ५८, ५९, ५७ वाटले. तिन्ही उसळ्यांत आरएसआय ६० ला शिवलाच नाही. चढत्या शेअरमध्ये तो ४० च्या आसपास वळतो आणि ७०-८० पर्यंत जातो, पडत्या शेअरमध्ये सगळा खेळ २० ते ६० मध्ये. त्यामुळे मी ३० ची रेघ बघतच नाही, उसळीत ६० च्या वर टिकला का ते बघतो. त्याच्या जोडीला उसळीचे माथे, १,०२०, ८६०, ६९०, प्रत्येक आधीच्या खाली. जोपर्यंत ६९० च्या वर आठवड्याचा बंद भाव येत नाही तोपर्यंत घसरण चालू आहे असंच धरायचं, मग मॅकडी (दोन सरासऱ्यांच्या फरकावरून दिशा दाखवणारा इंडिकेटर) काही का दाखवेना. तुमचा मॅकडी पण मधे बऱ्याचदा वर कटला असेल, बघा, शून्याच्या खालीच कटला असेल.

डिलिव्हरीबद्दल एक खुलासा, कारण इथे नेहमी गडबड होते. ६४ टक्के डिलिव्हरी म्हणजे चांगलं किंवा वाईट असं काही नसतं. जितका माल डिमॅटमधून गेला तितकाच कोणाच्या तरी डिमॅटमध्ये आला. त्याचा अर्थ इतकाच की तो दिवस इंट्राडेवाल्यांचा धिंगाणा नव्हता, माल खरोखर हातातून हातात गेला. भाव ११ टक्के पडला म्हणजे देणारा घाईत होता. कोणी दिला आणि कोणी घेतला ते तुम्हीच शेअरहोल्डिंगमधून काढलंत.

ऐरोली_कोडर

काकांना अनुमोदन, फक्त चार्ट कसा लावायचा त्यावर थोडं, कारण अर्धे लोक चार्टच चुकीचा बघतात.

भावा, एक तर लॉग स्केल लाव, त्यात सारख्या टक्क्यांची घसरण सारखीच दिसते. साध्या स्केलवर १,३१० ते ९०५ ची घसरण अवाढव्य दिसते आणि ६९० ते ५२४ एवढुशी, म्हणून डोळ्याला वाटतं की आता पडणं संपत आलंय. टक्क्यांत बघ, पहिली ३१ टक्के, दुसरी २४ टक्के आणि ती अजून चालू आहे. असा काही फारसा फरक नाही.

दुसरं म्हणजे चार्ट ॲडजस्टेड आहे ना ते तपास. स्प्लिट-बोनसला बहुतेक साइट आपोआप ॲडजस्ट करतात पण डिमर्जरला प्रत्येकाचा वेगळा कारभार असतो. जुलै २०२३ मध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा स्पेशल सेशनमध्ये २६१.८५ रुपये शेअरच्या भावातून निघाले, ती घसरण नव्हतीच, पण ॲडजस्ट न केलेल्या चार्टवर मोठी लाल मेणबत्ती दिसते आणि आरएसआय, डीएमए सगळ्यांची वाट लागते. तुझ्या केमिकलमध्ये असं काही झालं नसेल पण एकदा कॉर्पोरेट ॲक्शनचा टॅब उघडून बघायला काय जातं.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी, रेशो चार्ट. चार्टिंग साइटवर तुझ्या शेअरचा सिम्बॉल भागिले निफ्टी टाक, मग भागिले त्याच सेक्टरचे दोन-तीन शेअर टाक. निफ्टी पडली म्हणून हा पडतोय की सगळं केमिकल पडतंय म्हणून की फक्त हाच पडतोय, तीन वेगळे आजार आहेत, तिन्हीचं औषध वेगळं. सेक्टरचे बाकीचे तळ धरून वर आले आणि हा एकटाच नवा लो मारत असेल तर तुझं टँकर प्रकरण इथेच मिटलं.

आणि आता ॲव्हरेजचं गणित, कारण बोनस आलाय तो तुला चावतोय. अजून १०० घेतलेस ५२४ ला तर ॲव्हरेज ९१० वरून ८१३.५० होईल. बरं वाटेल. पण ८१३ ला यायला पण शेअर इथून ५५ टक्के वर लागतो आणि २०० डीएमए ७०५ ला आहे, तीही खाली तोंड करून. म्हणजे बावन्न हजार अजून टाकून तू स्वतःला अशा जागी आणतोस जिथे पोहोचायच्या आधी ६९० आणि २०० डीएमए दोन्ही फोडावे लागतील. ते फोडल्यावर घे ना मग, तेव्हा घेतलेस तर निदान चार्ट तुझ्या बाजूने असेल.

कोपरी_ब्रिज

६९० ला घ्यायचं म्हणजे ५२४ पेक्षा ३२ टक्के महाग घ्यायचं. याला अक्कल म्हणतात का? आणि ही २०० डीएमएची पूजा करणाऱ्यांनी एचडीएफसी बँकेचं आठवावं. १७ जानेवारी २०२४, रिझल्टनंतर एका दिवसात आठ टक्क्यांच्या वर पडला, २०० डीएमए तुटला, चार्टवाले ओरडत बाहेर पडले, आणि जुलै २०२४ ला तोच शेअर नव्या उच्चांकावर.

नौपाडा_जुना_टर्मिनल

हो कोपरी, ३२ टक्के महाग, तो खात्री करून घेण्याचा खर्च आहे आणि तो द्यावा लागतो, फुकट कोणी खात्री देत नाही. एचडीएफसी बँकेचं उदाहरण अगदी खरं, असं होतं, आणि ज्याला हे सहन होत नाही त्याने चार्टच्या नादी लागू नये. (आज चार्टवर ते भाव शोधाल तर निम्मे दिसतील बरं का, ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस झाला, ऐरोलीचा मुद्दा.) पण तिथे बँकेचा नफा एक तृतीयांशावर आला नव्हता, तुमचाच पीई-ईपीएसचा न्याय लावा की.

आणि उलटं उदाहरण पण ऐका. येस बँक. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीईओची मुदत कापली, २१ सप्टेंबरला शेअर एका दिवसात जवळजवळ तीस टक्के खाली. त्याच दिवशी गृहकर्ज देणारी डीएचएफएल चाळीस टक्क्यांच्या वर पडली. मी तेव्हा राम मारुती रोडजवळ एका ओळखीच्यांच्या ऑफिसात बसायचो, दुपारी तिथे रिटायर्ड मंडळींची गर्दी, आणि प्रत्येकाचं एकच, एवढा पडलाय म्हणजे घ्यायलाच हवा. पुढे मार्च-एप्रिल २०१९ ला येस बँक चांगली वर आली. पेपरात रिव्हर्सल रिव्हर्सल. २६ एप्रिलला शुक्रवारी सुमारे १,५०० कोटींचा तिमाही तोटा जाहीर झाला, मधे शनिवार-रविवार, २९ ला लोकसभेचं मतदान म्हणून बाजार बंद, आणि ३० तारखेला उघडला तो परत जवळजवळ तीस टक्के खाली. स्टॉपलॉस लावलेल्यांना पण मधे कुठे उतरायला जागा नव्हती. मार्च २०२० ला मोरेटोरियम (खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा) लागला आणि शेअर सहा रुपयांच्या खाली दिसला. डीएचएफएलवाल्यांना तर २०२१ मध्ये शेअरच्या बदल्यात शून्य मिळालं, फक्त कागदच राहिला.

म्हणजे चार्टने चकवलं का? एप्रिल २०१९ ला चकवलंच. म्हणून मी एका सिग्नलवर जात नाही. माथे खाली येतायत, उसळीत व्हॉल्यूम नाही, निफ्टीच्या तुलनेत मार खातोय आणि वर नफा घटतोय, या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर वाद घालत बसायचं नाही. रबाळ्यांच्या शेअरमध्ये तीन तर दाखवतच आहेत, रेशो चार्ट तेवढा बघायचा राहिलाय.

जाता जाता, इंडसइंड बँक पण काढून बघा. ऑक्टोबर २०२४ च्या रिझल्टला मोठा गॅप पडला, त्यानंतर शेअर २०० डीएमएच्या खालीच लोळत होता, आणि मार्च २०२५ मध्ये डेरिव्हेटिव्हच्या हिशेबाची बातमी आली तेव्हा एका दिवसात २७ टक्के गेला. बातमी मार्चची, चार्ट ऑक्टोबरचा.

खारघर_टेकडी

रबाळे दादा, मी चार्टवर काही बोलत नाही, घरातल्या सगळ्यांची रिटर्न मी भरते म्हणून टॅक्सचं सांगते, ते कोणी बोललंच नाहीये.

ॲपवर ९१० ॲव्हरेज दिसतं ते विसरा. टॅक्ससाठी आधी घेतलेला आधी विकला असं धरतात. तुम्ही आज १०० विकले तर ते १,१४० वाले गेले, म्हणजे तोटा शेअरमागे ६१६, एकूण ६१,६००. आणि उरलेल्या २०० चं ॲव्हरेज ॲपवर ७९५ दिसायला लागेल, एक रुपया न टाकता! त्या ॲव्हरेजच्या आकड्याचा किती मान राखायचा ते बघा मग.

ते १,१४० वाले वर्षाच्या वर झाले असतील तर तोटा लाँग टर्म. लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो. वर्षाच्या आतले विकले तर शॉर्ट टर्म तोटा, तो दोन्हीतून वजा होतो. २३ जुलै २०२४ पासून शॉर्ट टर्म नफ्यावर २० टक्के आणि लाँग टर्मवर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के, तेव्हा या वर्षी दुसरीकडे कुठे नफा काढला असेल तर हा तोटा कामाला येतो. नसेल तर आठ वर्षं पुढे नेता येतो पण रिटर्न मुदतीत भरली तरच, एक दिवस उशीर झाला तरी गेला. आणि त्याच दिवशी विकून त्याच दिवशी परत घेऊ नका, तो डिलिव्हरीचा व्यवहार धरलाच जात नाही, निदान दुसऱ्या दिवशी घ्या.

रबाळे_जनरल_शिफ्ट

ताई हे ७९५ चं वाचून मी दोनदा कॅल्क्युलेटर काढला. 😅 या वर्षी एक बँकेचा शेअर विकून लाखभर शॉर्ट टर्म नफा घेतलाय, त्यात बसेल का? माझे ७०० वाले फक्त वर्षाच्या आत आहेत.

ऐरोली, रेशो लावला. निफ्टीशी पडतोय हे माहीत होतं, पण सेक्टरच्या तीन शेअरशी लावला तर त्यातले दोन मागच्या तिमाहीपासून सपाट आहेत आणि हा त्यांच्याशी पण खालीच चाललाय. म्हणजे हाच आजारी.

आता असं ठरवतोय की सोमवारी २०० विकतो, १०० ठेवतो, उरलेल्याला ५०० ला जीटीटी (भाव तिथे आला की आपोआप जाणारी विक्रीची ऑर्डर) लावून ठेवतो. बोनस टाकत नाही. बरोबर आहे का?

खारघर_टेकडी

बसणार नाही. आधीचे आधी जातात, त्यामुळे २०० विकले की १,१४० आणि ८९० वाले जातील, ते दोन्ही लाँग टर्म तोट्यात. ७०० वाल्यांचा शॉर्ट टर्म तोटा हवा असेल तर तिन्ही शंभर विकावे लागतील, तेही ते ७०० वाले वर्षाचे व्हायच्या आत. ती तारीख आजच कॉन्ट्रॅक्ट नोटवर बघा.

कोपरी_ब्रिज

सगळेच विका मग. पीई ४८ चा शेअर चार्टवाल्यांनाही नको आणि आम्हालाही नको, पहिल्यांदाच एकमत होतंय या धाग्यावर.

नौपाडा_जुना_टर्मिनल

१०० ठेवायचे असतील तर ठेवा, मन लागलेलं असतं, पण जीटीटीचं समजून घ्या. ती दिवसातल्या भावावर ट्रिगर होते. सकाळी सव्वानऊला कोणीतरी ४९८ ला पाच शेअर मारले आणि लगेच ५२० झाला तरी तुमचा माल गेला. आणि ट्रिगर ५०० आणि लिमिटही ५०० अशी लावलीत आणि शेअर ४७० ला उघडला तर ऑर्डर नुसती पडून राहील, विकलं काहीच जाणार नाही. लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवा, १५-२० रुपये तरी. तुमच्या शेअरचा प्राइस बँड (दिवसात भाव जास्तीत जास्त किती टक्के हलू शकतो ती मर्यादा) किती आहे तेही एनएसईवर बघा, ५ टक्क्यांचा असेल तर लोअर सर्किटला, म्हणजे त्या मर्यादेच्या तळाला, विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा एक नाही अशी वेळ येते, तिथे जीटीटी काही करत नाही.

मी असतो तर ५०० वगैरे गोल आकडा धरला नसता, तो सगळ्यांच्याच डोक्यात असतो. उसळी येऊ द्यायची, ५० डीएमए ५८८ वरून अजून खाली येईलच, तिथे अडखळला आणि व्हॉल्यूम नसला तर उरलेले १०० देऊन मोकळं व्हायचं. ताईंची वर्षाची तारीख त्याच्या आधी येत असेल तर उसळीची वाट बघू नका.

रबाळे_जनरल_शिफ्ट

बघितली काका, कॉन्ट्रॅक्ट नोट सापडली. ७०० वाल्यांना वर्ष व्हायला पाच आठवडे आहेत. २०० सोमवारी देतो, बाकीच्या १०० ला चार आठवडे उसळीची वाट बघतो, नाही आली तर आहे त्या भावाला. बँड २० टक्क्यांचा आहे.

ऐरोली_कोडर

चार आठवड्यांचा कॅलेंडरवर रिमाइंडर लाव आणि तो ऑफिसचा ग्रुप म्यूट कर.